डास न हाकलणारे गायकवाडकाका

गायकवाडकाकांच्या नाकावर डास बसला, तर ते तो हाकलत नाहीत. पोटभर पिऊ देतात. डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटतात, "खाज आली. नुसतं बघायचं. अनित्य आहे, जाईल." डास खरंच जातो. काकांच्या उघड्या दारातून निघतो आणि समोर आमच्या घरात शिरतो.

नाहूरला चौथ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. काका आणि काकी दरवर्षी जोडीने विपश्यनेच्या शिबिराला जायचे. दोन वर्षांपूर्वी काकी वारल्या. काका आता रोज संध्याकाळी घरीच तासभर बसतात. शेजारी काकींचं आसन अंथरलेलं असतं. त्यावर कोणी पिशवीसुद्धा ठेवायची नाही.

मागे लिफ्ट बंद पडली तेव्हा अख्खी बिल्डिंग सेक्रेटरीवर धावून गेली, सगळ्यात पुढे मी. काका मात्र भाजीची पिशवी घेऊन "जाईल, जाईल" करत चार मजले चढले. तेव्हापासून माझी बायको, मनीषा, मला ऐकवते, "बघ जरा काकांकडे. तू चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेतोस." पुरणपोळी केली की पहिली काकांना जाते. तव्यावर करपलेली माझी. त्या माणसाची शांती मला बघवत नव्हती, खरंच सांगतो. यांना एकदा तरी हलताना पकडायचंच, असं मी ठरवलं.

"काका, मलाही शिकवा ना," म्हटलं.

काका एवढे खूश झाले, की काकींचं आसन थोपटून म्हणाले, "बस इथे, राजू. तासभर हलायचं नाही हं."

थोड्याच वेळात पायाला मुंग्या आल्या, मग पाठ बोंबलायला लागली. दारात मनीषाच्या बांगड्या वाजल्या, म्हणून दात-ओठ खाऊन बसलो. शेवटी राहवेना. हळूच एक डोळा उघडला.

काका माझ्याकडेच बघत होते. चांगले दोन्ही डोळे उघडे!

"काका, चीटिंग!" मी ओरडलोच.

काका ओशाळले. "अरे, जुनी सवय आहे. शिबिरात बायकांची बाजू वेगळी, मान वळवायची सोय नाही. म्हणून घरी बसलो की मधेमधे काकीकडे बघून घ्यायचो. तिला डोळे मिटूनच कळायचं. म्हणायची, 'अहो, श्वासाकडे बघा.' आज बाजूला कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि..."

काकांच्या नाकावर डास बसला होता, तो त्यांनी हाताने हाकलला.

काका हलले, मी जिंकलो. पण जळफळाट काही जाईना. लग्नाला इतकी वर्षं झाली, मनीषाकडे मी असं चोरून कधी बघितल्याचं आठवेना.

"तास व्हायचाय अजून," काका हळूच म्हणाले. "बसतोस ना?"

मी पुन्हा डोळे मिटले. जरा वेळाने जाणवलं, काका बघतायत. पाय पार मेला होता, पण मी हललो नाही.