जुन्या टाक्यांवरील स्वारी आणि कोऱ्या बाटलीची साक्ष

सर्वांचे पाय आणि सर्वांची घाण निमूट सोसणारी जी भूमी, तिला आधी मुजरा; आणि आपण खालून कोणत्या वाटेने जातो हे कोणास न सांगणारे जे पाणी, त्यास दुसरा मुजरा. मग हकीकत ऐसी की, चौकाच्या कडेस पूर्वी एक पेट्रोल पंप नांदत होता. कालेकरोन त्याची सल्तनत बुडाली आणि छप्पर भंगारवाल्याने नेले, परंतु लोखंडी टाक्या जमिनीच्या पोटातच राहिल्या आणि गंजोन पाझरू लागल्या, ऐसा सर्वांचा वहीम. खावंद पंपशेट मात्र छातीस हात लावोन सांगत की टाक्या केव्हाच काढिल्या, माती निर्मळ आहे, वाटल्यास चाटून पाहा. कोणी चाटिली नाही.

भिंतीपलीकडे लाँड्रीवाल्या मावशींचे राज्य. राज्याची सारी मदार एका विहिरीवर. त्या विहिरीत पेट्रोल उतरले ऐशी आवई उठली, आणि हुजुरांकडोन हुकूम सुटला की तपास व्हावा, आणि पाणी नासले ठरल्यास विहिरीस सील ठोकावे. विहीर गेली म्हणजे लाँड्री गेली, हे सांगावयास ज्योतिषी नको होता.

कामगिरीवर तपासनीस बाईसाहेब नामजाद जाहल्या. कचेरीत त्यांस नाकवाली म्हणत, कारण यंत्राच्या आधी त्यांच्या नाकास पेट्रोल कळे, आणि या गोष्टीचा त्यांस गर्व थोडका नव्हता. मग ड्रिलवाले काका, जनरेटर, नळ्या, बाटल्या ऐसा सरंजाम घेवोन बाईंनी पंपाच्या जागेवर तळ दिला, आणि लोखंड हुडकणारे यंत्र जमिनीवरून फिरविले, तो यंत्राने ऐसी किंकाळी फोडिली की पंपशेट दोन पावले मागे सरले.

"ते पाण्याचं टाकं असेल," शेट वदले.

मग त्याच्या बाजूस ड्रिल घातले, आणि काळीशार माती वर आली, आणि तिच्या दर्पाने काकांचे डोळे भरोन आले.

"पाण्याला पेट्रोलचा वास येतो होय हो, शेट?"

"जुनं पाणी आहे, बाई."

येणेप्रमाणे शत्रूचा ठिकाणा लागला. मग फत्तेच्या कैफात बाई विहिरीवर चालोन गेल्या, तो जनरेटरातील पेट्रोल सरले. काका चहास गेलेले. बाईंनी खासा कॅन उचलोन पेट्रोल ओतिले, आणि त्याच हातमोज्यांनिशी विहिरीचे पाणी बाटलीत भरिले, आणि दर्प आला तेव्हा नाकाने ग्वाही दिली की विहीर नासली. नाक खोटे बोलले नाही, फक्त कोणाविषयी बोलत होते ते बाईंनी पुसले नाही.

प्रयोगशाळेचा निकाल आला: विहिरीत पेट्रोल. सीलाचा हुकूम तयार होऊ लागला. मावशी कचेरीत चालोन आल्या आणि भर दरबारी कडाडल्या, "माझी विहीर पेट्रोल देत असती तर मी लोकांच्या चादरी कशाला बडवल्या असत्या? पंपच नसता का काढला!"

दरबार हसला. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांची नजर निकालाच्या शेवटल्या ओळीवर खिळली होती. या खात्याचा रिवाज ऐसा की, मोहिमेत एक बाटली कचेरीच्या फिल्टरातील शुद्ध पाण्याची न्यावी, ती मैदानावर उघडोन दुसऱ्या बाटलीत ओतावी आणि इतरांबरोबर तपासणीस धाडावी. तीस कोरी म्हणतात. कोऱ्या बाटलीने ना विहीर पाहिली, ना टाकी पाहिली. तरी तिच्यातही पेट्रोल निघाले.

बाईंस आठवले: ती बाटलीही त्याच हातमोज्यांनी भरिली होती. फितूर सापडला, आणि तो आपल्याच मनगटांस जोडलेला होता.

कचेरीच्या बड्या साहेबांनी मसलत दिली, "कोरीचा निकाल गाळून टाका हो. कोण बघतंय? नाहीतर आमच्या फिल्टरखालीसुद्धा टाकी आहे असं म्हणतील लोक."

बाईंनी क्षणभर आपल्या नावलौकिकाकडे पाहिले, मग दाराशी उभ्या मावशींकडे पाहिले, आणि मग लेखी कबूल केले की चूक विहिरीची नसोन आपली आहे, सबब दुसरी स्वारी करावी. दरबाराने त्यांच्या नाकाची यथेच्छ टवाळी केली, ती येथे विस्तारे लिहवत नाही.

दुसरे स्वारीस जनरेटर वारा ज्या अंगास वाहत होता तिकडे दूर ठेविला, काकांस पेट्रोलावर तैनात केले, बाईंनी प्रत्येक बाटलीस नवे हातमोजे घातिले, आणि नाकास रुमाल बांधोन ते बडतर्फ केले. मग निकाल आला: कोरी कोरीच, आणि विहीर निर्मळ. जमिनीखालील पाणी विहिरीकडोन टाक्यांकडे वाहत होते, त्यामुळे विष रस्त्याच्या अंगास उतरले होते. शेटांस फर्मान गेले की टाक्या आणि माती स्वखर्चे उपसावी. टाकी क्रेनला लोंबकळत वर आली, तेव्हा शेट उद्गारले, "अरेच्चा, ही राहिली वाटतं!"

फत्ते जाहल्यावर बाईंनी आपले जाकीट धुण्यास मावशींपुढे ठेविले. मावशींनी ते हुंगिले आणि दोन बोटांनी धरोन बाजूस केले.

"धुते की. पण वेगळं धुवीन हं. एकाचा वास दुसऱ्याला लागतो, हे तुम्हाला काय सांगायचं!"

बाईंनी मान लववोन हा टोमणा कबूल केला. विहिरीच्या सीलाचा हुकूम रद्द, लाँड्री चालू, फितूर हातमोजे कचऱ्यात दाखल. ऐसा हा विजय सर्वांसमक्ष रुजू जाहला.