गाडी फुल्ल आहे

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात कृष्णापूर जंक्शनला उभी असलेली धवलपूर एक्स्प्रेस फुलली, त्यामुळे तिचं सुटणं पुढे ढकलण्यात आलं.

विश्वंभर कुरणे यांना हे उशिरा कळलं. निघायच्या आदल्या दिवशी ते स्टेशनवर चौकशीला गेले, तेव्हा खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'धवलपूर गाडी फुल्ल'. वाचून त्यांना बरंच वाटलं. त्यांची दोन तिकिटं चार महिने आधी काढलेली होती, एस-चार, तेवीस आणि चोवीस. वहीत सगळं टिपलेलं होतं: सव्वासहाला चहा, साडेसहा ते नऊ चेरीचा बहर, नऊनंतर आंघोळी.

अकरा वर्षं धवलपूरची चेरी बघायला जायचं ठरत होतं आणि राहत होतं. दिवाळीत त्यांच्या पत्नी हेमलताबाई फराळाचा डबा लावता लावता म्हणाल्या होत्या, "यंदा नेलंत तर नेलंत. मी परत विचारायची नाही." हेमलताबाई बोलल्या तसं वागत. हे कुरण्यांना चांगलंच माहीत होतं.

दोघं बॅगा घेऊन फलाट दोनवर आले, तर इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत सगळी गाडी फिक्या गुलाबी फुलांनी भरून गेलेली. खिडक्यांच्या गजांना घोस लागले होते. कुरणे तडक खिडकीवर गेले.

"फुललेली गाडी हलवता येत नाही," खिडकीतल्या मोकाशीबाई म्हणाल्या. "धक्क्यानं बहर गळतो. फळ्यावर लिहिलंय तसं."

"फळ्यावर फुल्ल लिहिलंय!"

"फुल्ल म्हणजे फुललेली. कोश बघा."

"अहो बाई, अख्खा महाराष्ट्र फुल्ल म्हणजे भरलेली समजतो!"

"भरलेली असली की आम्ही 'भरलेली' लिहितो," मोकाशीबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला जायचंय कशाला तिकडे?"

"चेरीचा बहर बघायला."

"मग बघा की. समोरच आहे."

कुरण्यांचे कान तापले. त्यांनी तिकीट काचेला टेकवलं. "कृष्णापूर ते धवलपूर. बहर धवलपूरचा. हा कृष्णापूरचा मी बघायला लागलो, तर उद्या तुम्हीच म्हणाल, बघितलात ना, आता कशाला जाताय!"

"म्हणणारच," मोकाशीबाई म्हणाल्या. "पुढचे!"

ते परत आले, तर हेमलताबाई डब्यात चढून तेवीस नंबरवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर दशम्या, लसणीची चटणी, आणि डोक्यावर बर्थच्या साखळीला लटकलेला एक घोस.

"उतर," कुरणे खालून म्हणाले. "हा आपला बहर नव्हे."

"जागा तर आपलीच आहे ना?"

कुरणे अर्जाचा कागद मागायला परत खिडकीवर गेले.

पुढचे सहा दिवस कुरण्यांनी रोज एक अर्ज दिला. पहिला साधा, दुसरा स्मरणाचा, तिसऱ्यापासून प्रत वरिष्ठांना. हेमलताबाई रोज डबा भरून जात आणि संध्याकाळपर्यंत तेवीसवर बसत. कुरणे त्यांना घ्यायला जात, पण फलाटावर छत्री उघडून. छत्री ते इतकी खाली धरत की त्यांना फक्त स्वतःच्या चपला दिसत. पाकळी खांद्यावर पडली असती, तर ती बघितल्यात धरली गेली असती.

"लोक हसतात हो," हेमलताबाई म्हणाल्या.

"हसू देत. हक्काचं सोडायचं नाही."

"मी कुठं सोडलंय? मी रोज जाऊन बसतेय."

सातव्या दिवशी लेखी उत्तर आलं. कुरण्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'आपल्या सहा अर्जांच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, गाडी फुलल्यामुळे धवलपूरची झाडे नियमानुसार सुटत आहेत. उद्या सायंकाळी पाच-चाळीसला फलाट दोन.'

"बहर आहे का पण त्यांना?" त्यांनी मोकाशीबाईंना विचारलं.

"तो इथं आलाय ना. ती मोकळीच येतील. तोच बघायला येतायत."

"म्हणजे आमच्या गाडीत?"

"ज्याचं तिकीट पक्कं, त्याची जागा," मोकाशीबाई म्हणाल्या. "तुम्ही सात दिवसांत चोवीसवर एकदाही बसला नाहीत. रिकामी नोंद झाली."

दुसऱ्या दिवशी कुरणे दुपारी दोनलाच एस-चारमध्ये चढले आणि नजर जमिनीकडे ठेवून चोवीस नंबरवर घट्ट बसले. डब्यात छत्री उघडेना.

पाच-चाळीसला झाडं आली. वेळेवर आली, याचाही कुरण्यांना राग आला. एक मध्यम उंचीचं चेरीचं झाड दारातून वाकून आत आलं आणि त्यांच्यासमोर उभं राहिलं. फांद्या पार उघड्या. एका डहाळीला तिकीट टोचलेलं.

"दाखवा," कुरणे म्हणाले.

त्यांनी तिकीट उजेडाकडे धरलं. नाव, चेरी. वय, एकेचाळीस. एस-चार, चोवीस. तारीख आजची. शिक्का स्पष्ट होता. त्यांनी मागची बाजूही बघितली. कुठं काही चूक सापडेना.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि उठले.

झाड बसलं. हेमलताबाईंनी तांब्यातलं पाणी त्याच्या मुळांशी सावकाश ओतलं. "दमला असाल. सतरा तासांचा प्रवास म्हणजे काही थोडं नव्हे."

कुरणे उभेच होते. उभ्या माणसाला गाडीत बघायला वरचंच तेवढं उरतं. त्यांनी वर बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मान खाली घातली, पण केसांत चार पाकळ्या राहिल्या.

"अहो," हेमलताबाई म्हणाल्या, "ही झाडं एवढ्या लांबून आपल्याकडे आली. आता आपलं एक जाणं लागतं. पुढच्या वर्षी नेताय ना मला?"

"परत विचारणार नव्हतीस."

"ते बहर बघायचं. हे परतभेटीचं."

कुरण्यांनी खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि झाडाला पत्ता विचारला.

"नीट सांगा," ते म्हणाले. "पुन्हा घोळ नको."