एकास पंचवीस मापाची हवेली

माझं मोजमाप कधी चुकत नाही. भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे मी! त्यामुळे लेकीला, ईराला, फ्रेंचच्या बाईंनी सुट्टीत प्रोजेक्ट दिला तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "पंचवीसपैकी पंचवीस!"

विषय : फ्रान्समधल्या सें-मालो बंदरातली जुन्या व्यापाऱ्याची हवेली. थर्माकोल, प्रमाण एकास पंचवीस, सहा धुराडी. दोन मजले उंच दिवाणखाना दिसावा म्हणून मागची बाजू उघडी. तीन आठवडे इथे आखातात, अल गराफातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर फ्रान्सचं राज्य होतं! उरलेल्या थर्माकोलचं मी, दरवर्षीप्रमाणे, इथल्याच ओळखीच्या कमलिनीकाकूंच्या घरच्या गणपतीसाठी मखर केलं. धूळ बसू नये म्हणून दोन्हींवर चादरी टाकल्या.

शनिवारी चतुर्थी, रविवारी शाळा; इथला आठवडा रविवारीच सुरू होतो.

शनिवारी आंघोळ करून आले, तर टेबल रिकामं. सोफ्यावर मखर जागच्या जागी! नवऱ्याला फोन लावला.

"कौशिक, काकूंकडे काय नेलंस?"

"मखर. चादरीखालचं."

"चादरी दोन होत्या!"

"हो? मला वाटलं, यंदा तू जरा मोठंच केलंस."

ईराला घेऊन अल थुमामाला काकूंकडे पोचेपर्यंत आरती संपत आली होती. हवेली पाठमोरी ठेवलेली. दिवाणखान्यात, माझ्या आगपेटीएवढ्या खुर्च्या बाजूला सारून, बाप्पा विराजमान!

"ये गं! सुरेख झालंय मखर," काकू म्हणाल्या. "पण इतकी धुराडी कशाला?"

"उदबत्तीचा धूर जायला!" काकूंचे यजमान वसंतराव काका म्हणाले. "सायन्सवाली आहे ती!"

"काकू, हे मखर नाही. ही फ्रान्सची हवेली आहे. उद्या शाळेत द्यायचीय."

काकू गोंधळल्या. मग हवेलीकडे, बाप्पाकडे आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्राणप्रतिष्ठा झाली गं. आता पाच दिवस हलवायचं नाही."

"आई, दॅट्स ट्वेंटी-फाइव्ह मार्क्स!" ईराचे डोळे भरले.

"बाप्पाकडेच माग," कौशिक म्हणाला. मी डोळे वटारले. तो मोदक मोजायला आत गेला.

शेवटी चारी बाजूंनी फोटो काढले आणि फ्रेंचच्या बाईंना सगळी हकिगत लिहून पाठवली.

सोमवारी उत्तर आलं. पंचवीसपैकी चोवीस! खाली शेरा : "अप्रतिम! पण घरमालक पाच मीटर उंच? प्रमाण तपासावे."

मूर्ती वीस सेंटिमीटरची. गुणिले पंचवीस.

मी तीनदा करून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं!