धुक्यावरचा शिक्का

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? भागीदारावर ठेवू नये, हे मी धंद्याच्या पहिल्या वर्षी शिकलो. ओलं लाकूड सुकं म्हणून विकणाऱ्यावर ठेवू नये, हे दुसऱ्या वर्षी. राहता राहिलो मी स्वतः. तर ऐका.

माझी लाकडाची वखार आहे. शाळा सातवीतच सुटली. पुढचं सगळं माझं मीच वाचून शिकलो. (यात तोटा एवढाच, की चुकीचं शिकलो तर मास्तरांच्या नावानं खडे फोडता येत नाहीत.)

बायकोला दोन-अडीच वर्षांपूर्वी लाकडावर कोरायचा नाद लागला. वाचनालयातून तिनं जुन्या चिनी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातलं एक चित्र निवडलं. उंच डोंगर, एक वाकडं झाड, खाली नदी, नदीवर पूल आणि पुलावर तांदळाएवढा एक माणूस. माझ्याकडून पाच फुटी सागवानी फळी घेतली आणि मागच्या गॅलरीत जी बसली ती बसलीच. रोज दुपारभर पटाशीची टकटक.

एकदा मी डोकावलो.

"अगं, निम्मी फळी कोरीच राहिली की!"

"ते धुकं आहे."

"धुकंच घालायचं होतं तर खोक्याची फळी दिली असती. एवढं चांगलं सागवान कशाला?"

"अहो, तुम्ही वखारीत जा बरं."

गेलो. पण दोन वर्षांनी त्याच फळीची एका मोठ्या प्रदर्शनासाठी निवड झाली. पत्र आलं तेव्हा तिनं ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. संसाराला एकवीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याही पराक्रमानं तिचं असं झालेलं मला आठवत नाही.

"शनिवारी टेम्पो येईल. वखारीत नेऊन चांगलं खोकं तेवढं करून घ्या," ती म्हणाली. "आणि दुसरं काही करू नका."

हे दुसरं वाक्य मी बायका सवयीनं बोलतात त्यातलं समजलो.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता ते वाचनालयात परत द्यायचं राहिलेलं पुस्तक सहज उघडलं. (मी पुस्तक मधूनच वाचतो. सुरुवातीला लेखक फार वेळ घेतात.) त्यात लिहिलेलं, की अशा चित्राचा मालक मोकळ्या जागेत स्वतःचा लाल शिक्का उमटवत असे. पुढचा मालक त्याच्या शेजारी आपला. असे शेकडो वर्षांचे शिक्के, आणि तोच चित्राचा बहुमान! मला भरूनच आलं. माझ्या बायकोची एवढी मेहनत, आणि तिच्यावर एकही शिक्का नसावा?

शिक्का आमच्याकडे आहे. हातोडीच्या तोंडावर माझी आद्याक्षरं आहेत; लाल रंगात बुडवायची आणि लाकडावर हाणायची. मी फळी वखारीत नेली, जागा निवडली, आणि बरोबर धुक्याच्या मधोमध एकच घाव घातला. असा सुरेख उमटला म्हणता! चार पावलं मागं सरून मी तो डोळे भरून पाहिला. तेवढ्यात फोन वाजला आणि मी केबिनमध्ये गेलो.

आता आमच्या वखारीचा एक नियम आहे. मीच केलेला. लाल शिक्का पडला म्हणजे माल विकला गेला. विचारत बसायचं नाही, कापायला घ्यायचा.

दहा मिनिटांनी बाहेर आलो, तर आरेवाला भुसा झटकत होता. समोर एकसारखे आठ चौकोन.

"हे काय?"

"बालवाडीची आठ स्टुलं, शेठ. बाई घाई करत होत्या."

"अरे, वर चित्र होतं ना!"

"होतं की. म्हणून तर पालथी घालून कापली. खरचटायला नको."

"दोन वर्षांचं काम होतं रे ते!"

"काय सांगता?" त्यानं एक चौकोन उलटून पाहिला. "निम्मी तर कोरीच होती."

मुकादम जवळ आला, खाली बघत म्हणाला, "शेठ, नियम तुमचाच."

आठही तुकडे पोत्यात घालून घरी नेले. बायकोनं ते जमिनीवर मांडले. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मी जन्माचा उपकार मानला असता. तुकडे ती जवळ सरकवत राहिली. पण आऱ्याचं पातं दर कापात थोडं लाकूड खातं. डोंगर डोंगराला भिडेना, नदी वाटेतच तुटायची.

"पुलावरचा माणूस कुठंय?"

तो नेमका पात्याच्या रेषेत होता. "भुशात," मी म्हणालो.

तिनं विचारलं, "शिक्का कशाला मारलात?"

"बहुमान म्हणून."

"कुणाचा?"

मी रिकामं पोतं झटकून त्याची नीट घडी घातली. टेम्पो आला आणि रिकामा गेला.

तीन आठवडे घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. गॅलरी झाडलेली, पटाश्या फडक्यात गुंडाळलेल्या. मला वाटलं, संपलं. ही आता पटाशी हातात धरणार नाही आणि ते पाप माझं. मग एका सकाळी ती बाजारात दिसली. मी गल्ल्यावरून लगबगीनं उठलो, खुर्ची पुसली. ती आमच्या दारावरून सरळ पुढं गेली, समोरच्या वखारीत शिरली आणि सगळ्या बाजारादेखत, लाकडाच्या व्यापाऱ्याची बायको, पाच फुटी सागवानी फळी विकत घेऊन हातगाडीवरून घरी गेली.

मुकादम माझ्या खांद्यामागून म्हणाला, "वहिनींना लाकूड कळतं, शेठ. आपल्याकडं तसला माल नाहीच."

आता तुम्हीच हिशोब मांडा. आरेवाल्याची चूक किती, मुकादमाची किती, पुस्तकाची किती, माझी किती. फक्त प्रामाणिकपणे मांडा. मी तीनदा मांडून पाहिला, तिन्ही वेळा निम्मी चूक बायकोची निघाली. कागद तिला दाखवला, तेव्हापासून जेवण माझं मीच वाढून घेतो.