जयूचा नवस आणि सुती शर्टांची छपाई

ऋचाला नोकरी लागली तर वैशाखात उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेकरूंना पाच दिवस पाणी पाजीन, आणि रोजचे पाच माठ रिकामे झाल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही, असा नवस जयू बोलली होती. लेकीला नोकरी लागली. आता प्रश्न एकच उरला: पाणपोईवर घालायच्या पांढऱ्या सुती शर्टांवर ‘ठंडा पानी यहाँ मिलेगा’ हे छापायचं कसं?

तो प्रश्न तिच्या यजमानांनी, यज्ञेश्वररावांनी, अंगावर घेतला. (त्यांनी मनावर घेतलं की साधी कोथिंबीरसुद्धा तीन दुकानं बघून घरी येते.) आठवडाभर मोबाइलवर छपाईच्या तऱ्हांचा अभ्यास चालला.

“सब्लिमेशन बाद! ते पॉलिस्टरचं काम, सुतीवर पहिल्याच धुण्यात पळतं. व्हिनाइल टिकेल, पण एकेक अक्षर कापत बसा, वर उन्हात छातीला प्लास्टिक!”

“मग हो?”

“डीटीएफ! फिल्मवर छापायचं, त्यावर डिंकाची पूड, आणि गरम मशीननं दाबलं की अक्षर कापडाला घट्ट धरतं.”

जयूनं मनोमन हात जोडले. विमा ऑफिसातल्या माणसाला काय काय येतं!

फ्रीगंजातल्या छपाईवाल्या निखिलनं सहा शर्ट छापून दिले आणि बजावलं, “अंकलजी, चौबीस घंटे पानी मत लगाना. और इस्तरी शर्ट उलटा करके!”

पण नवसाचं कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कसं चालेल? यज्ञेश्वरराव हातपाय धुऊन येईपर्यंत पहिला शर्ट बादलीत गेलाही.

“अगं, थांब, थांब!”

त्यांनी तो ओढून काढला आणि लवकर वाळावा म्हणून गरम इस्त्री थेट अक्षरांवरच दाबली. अक्षरं शर्ट सोडून इस्त्रीला चिकटली. (शर्ट त्यांचाच होता, हे त्यातल्या त्यात बरं.) बाकीच्या शर्टांच्या कॉलरवर जयूनं शिप्रेच्या पाण्याचे दोन-दोन थेंब शिंपडून भागवलं.

सकाळी घाईघाईत त्याच इस्त्रीनं यज्ञेश्वररावांनी आपला पांढरा लेंगा कडक केला आणि ते पाणपोईवर निघाले.

पाणपोईसमोर रस्त्यापलीकडे नेमका गुलाबाच्या शरबताचा मंडप! लाउडस्पीकर, बर्फ, सगळा थाट. दुपार झाली तरी जयूचा एकच माठ सरला होता. पोटात कावळे ओरडत होते.

“मी जरा तिकडची परिस्थिती बघून येतो,” म्हणून यज्ञेश्वरराव सटकले.

थोड्या वेळानं यात्रेकरूंचा घोळकाच हसत-हसत रस्ता ओलांडून, पाणपोईवरच्या शर्टांवरची अक्षरं वाचत आला. “माताजी, ठंडा पानी यहीं है न? वो भैयाजी के पीछे भी यही लिखा है!”

जयूनं टाचा उंचावून पाहिलं. शरबताच्या रांगेत यजमान उभे, आणि लेंग्याच्या बैठकीवर निळी, ठळक, वाचता येणारी अक्षरं! (शर्टावरून इस्त्रीवर उलटी उतरली होती, इस्त्रीवरून लेंग्यावर सुलटी.)

चार वाजेस्तोवर पाचही माठ कोरडे झाले. यज्ञेश्वरराव गुलाबी मिशा पुसत परतले, तेव्हा जयूचे डोळे भरून आले होते.

“माझ्या नवसासाठी तुम्ही त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलात!”

“अं... हो. म्हणजे, कर्तव्यच ते.”

“मग उरलेले चारही दिवस हाच लेंगा घालून तिथेच उभे राहा हं. फक्त शरबत घ्यायचं नाही. नंबर आला, की पुन्हा शेवटी जायचं.”