जोडा मार्ग आंदोलन

दातांच्या डॉक्टरांचा स्वतःचाच पुढचा दात तुटला, ही बातमी त्यांच्या दवाखान्यात मोठ्या समाधानानं ऐकली गेली. ज्यांच्या दाढा त्यांनी उपटल्या होत्या, ते तर वाट वाकडी करून बघून गेले. एका आजींनी "दुखतंय का हो?" असं इतक्या आनंदानं विचारलं, की डॉक्टरांनी घाईनं ओठ मिटून घेतले.

डॉक्टर रोज सायकलनं दवाखान्यात जात. त्यांच्या इमारतीच्या फाटकापासून पालिकेनं सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला होता. पालिकेच्या भाषेत ती 'सायकल मार्गिका'. ही मार्गिका मोठ्या ऐटीत निघायची आणि विजेच्या डीपीपाशी येऊन एकदम संपायची. पुढे वाचनालयाच्या कोपऱ्यावर ती काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायची. मधल्या तुकड्यात सायकलवाल्यानं काय करावं, यावर पालिकेचं काही म्हणणं नव्हतं. तिथे ट्रक होते, कशाही लावलेल्या मोटारी होत्या आणि त्या दिवशी एका मोटारीचं न बघता उघडलेलं दार होतं. डॉक्टर त्या दारावर, दात रस्त्यावर आणि चष्मा ट्रकखाली, अशी सगळी वाटणी झाली.

डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवत असे. सगळा गाव तिला 'बाई' म्हणे आणि डॉक्टरही मनातल्या मनात तेच म्हणत. बाईंनी आधी रुमाल ओला करून त्यांच्या तोंडाला लावला आणि मग निकाल सांगितला.

"रविवारी संध्याकाळी माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय. सायकल त्याच्याकडे जाईल."

"अगं, पण..."

"पण नाही. तो हिरवा पट्टा इकडून तिकडे सलग झाला, तर सायकल राहील. नाही झाला, तर जाईल. तिसरी शक्यता नाही."

गणितवाल्यांशी लग्न केलं की वाद घालायला जागाच उरत नाही. डॉक्टरांनी जड तोंडानं पालिकेच्या अभियंत्याला फोन लावला. अभियंता त्यांचा आवाज आता ओळखू लागला होता.

"डॉक्टर, दर महिन्याला तुम्ही एकटेच तक्रार करता. एका माणसासाठी पट्टा कसा जोडू? रविवारी सकाळी मी येतो. माणसं दाखवा. माणसं दिसली तर जोडून देतो. नाही दिसली, तर पुन्हा फोन करू नका."

म्हणजे सायकल वाचवायची तर रविवारच्या आत गर्दी जमवायला हवी होती. डॉक्टरांनी चंग बांधला. आंदोलनाचं नावही लगेच सुचलं, 'जोडा मार्ग आंदोलन'. छोटं, ठसठशीत आणि सभ्य. फलक करायचा, पत्रकं वाटायची, की झालं.

घोडं पेंड खातं ते इथे. डॉक्टरांना हे सगळं सुचलं, तेव्हा ते दातांच्याच डॉक्टर असलेल्या एका मित्राच्या खुर्चीत होते. अर्धं तोंड इंजेक्शननं बधिर, ओठ सुजून पुढे आलेला आणि गालात कापसाचा बोळा. "दोन तास बोलू नकोस," मित्रानं बजावलं. हेच वाक्य डॉक्टर स्वतः रोज दहा माणसांना सांगत असत आणि त्यातलं कुणी ऐकत नाही म्हणून चिडत असत. ते खुर्चीतून उतरले आणि जिन्यातूनच त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला.

"लिहून घ्या. जोडा मार्..."

"जोडा काय?"

"मार्...! जोडा मार्... आंदोलन!" डॉक्टर ओरडले. शेवटचा 'ग' प्रत्येक वेळी कापसाच्या बोळ्यात अडकून राहत होता.

मग फ्लेक्सवाल्याचा आवाज एकदम अदबीचा झाला. "बरं बरं. कशाबद्दल?"

"सायकल माग्गिका."

"कळलं. फोटो कुणाचा टाकू?"

"कुणाचाच नको."

"फोटोच नाही? म्हणजे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं! डॉक्टर, मानलं तुम्हाला. आणि मोठ्या संख्येनं या, असं टाकतो. अशा कामाला माणसं लागतातच."

संध्याकाळी त्यानं नमुना मोबाइलवर पाठवला. चष्मा ट्रकखाली गेलेला. डॉक्टरांना हिरव्या रंगावर पांढरं काहीतरी मोठ्या अक्षरांत दिसलं. हिरवा रंग बघून त्यांना भरून आलं. त्यांनी 'उत्तम' असं कळवून टाकलं.

शनिवारी सकाळी वर्तमानपत्रासोबत पत्रकं घरोघर गेली आणि डॉक्टरांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. इतकी वर्षं ज्या प्रश्नावर कुणी मान वर करून बघत नव्हतं, त्यावर अख्खी वस्ती पेटून उठली होती. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर सोसायटीच्या सभेलाही येत नसत. ते स्वतः दार वाजवून आले.

"डॉक्टर, मी येणार. हात शिवशिवतायत माझे. फक्त एक सांगा, जुनं-पुराणं चालेल ना?"

"चालेल की! मोडकं असलं तरी चालेल," डॉक्टर म्हणाले. काकांच्या अडगळीत सायकल असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"आणि एकच आणू की जोडी?"

काकू घराबाहेर फारशा पडत नसत. डॉक्टर गहिवरले. "जोडीनं आलात तर त्यासारखं दुसरं काय!"

"वा! म्हणजे दोनदा," असं काहीतरी पुटपुटत काका खाली उतरले. मागे उभ्या असलेल्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. "दोनदा काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन-येऊन म्हणत असतील.

रविवारी सकाळी डॉक्टर नवा चष्मा लावून, सायकल हातात धरून डीपीपाशी पोहोचले आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. फुटपाथ माणसांनी भरला होता. गर्दी होती, उत्साह होता, फक्त एकही सायकल नव्हती. प्रत्येकाच्या हातात पिशवी मात्र होती. डॉक्टरांनी मान वर करून फलक पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

'जोडा मारा आंदोलन! नागरिकहो, मोठ्या संख्येने या!' आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'विषय : सायकल मार्गिका'.

फ्लेक्सवाला शेजारीच उभा होता, कौतुकाची वाट बघत.

"अहो, हे काय केलंत?"

"का? तुम्हीच तर सांगितलंत. तुम्ही 'जोडा मार' म्हणालात. मी 'मारा' केलं. एवढी मोठी मोठी माणसं येणार, त्यांना 'मार' कसं म्हणायचं? एकेरी वाटतं."

"मार्ग! मार्ग म्हणालो मी! जोडा मार्ग!"

फ्लेक्सवाल्यानं फलकाकडे पाहिलं, डॉक्टरांच्या तुटक्या दाताकडे पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. "ग राहिला वाटतं," तो म्हणाला.

तेवढ्यात काका पिशवीतून टाच गेलेला एक बूट काढून पुढे आले. "डॉक्टर, सुरू करू या. कुणाला मारायचा ते तेवढं दाखवा."

"कुणालाच नाही!"

हे वाक्य गर्दीला आवडलं नाही. माणसं सकाळचा चहा अर्धा टाकून आली होती. मागून सूचना येऊ लागल्या. कुणाला लिफ्ट दुरुस्त न करणारा हवा होता, कुणाला पाणी सोडणारा. एका गृहस्थांना त्यांचा साडू चालणार होता. डॉक्टर हात जोडून सगळ्यांना समजावत होते, पण तुटक्या दातामधून 'स' ऐवजी नुसती शीळ बाहेर पडत होती आणि लोकांना वाटत होतं की ते इशारा देतायत.

नेमका त्याच वेळी अभियंता स्कूटरवरून आला. त्यानं माणसं पाहिली, फलक वाचला, काकांच्या हातातला बूट पाहिला आणि वळणं शक्य नाही असं दिसताच हेल्मेटची काच खाली ओढली. डॉक्टरांनी त्याला ओळखलं. सायकल जाणार की राहणार, ते आता त्या हेल्मेटमधल्या माणसावर होतं.

"साहेब, थांबा! जोडा..." ते जीव तोडून ओरडले. अभियंत्यानं स्कूटर थेट वाचनालयाच्या भिंतीला नेऊन लावली आणि तो एका झाडामागे उभा राहिला. गर्दीनं मात्र 'साहेब' हा शब्द बरोबर पकडला. "तोच का?" काकांनी विचारलं आणि बूट उजव्या हातात घेतला.

"खाली ठेवा!"

आवाज बाईंचा होता. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, वर्षानुवर्षं कमावलेला. जमलेल्यांतले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते आणि उरलेले विद्यार्थ्यांचे पालक. सगळे जागच्या जागी थिजले. काका बाईंपेक्षा वयानं मोठे, पण त्यांचाही हात आपोआप खाली आला.

"जोडे खाली ठेवा. असे फेकू नका, नीट. जोडीनं. रांगेत. अहो काका, डावा डावीकडे!"

फुटपाथवर माणसं होती आणि रविवार म्हणून कडेला मोटारी नव्हत्या, त्यामुळे रांग रस्त्याच्या कडेनं, फुटपाथपासून दोन हात सोडून लागली. डीपीपासून सुरुवात झाली. बूट, सँडल, चपला, एका खेळाडूचे खिळ्यांचे जोडे, कुणाच्या तरी लग्नातली चकचकीत पादत्राणं. पिशव्या रिकाम्या झाल्या तरी वाचनालयाचा कोपरा थोडा उरला. बाईंनी नुसतं बघितलं, तशी माणसं पायातले काढू लागली. डॉक्टरांनीही काढले. शेवटचा जोडा बाईंचा स्वतःचा होता आणि तो बरोबर पलीकडच्या हिरव्या पट्ट्याला टेकला.

आता पुढे काय करायचं हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त मारामारी थांबवायची होती. इतक्यात पाववाला सायकलवरून आला. हिरवा पट्टा संपला की तो रोज उतरून, सायकल हातात धरून, देवाचं नाव घेत चालत जायचा. आज त्यानं रांग पाहिली आणि तो न उतरता जोड्यांच्या आतल्या बाजूनं सरळ वाचनालयापर्यंत निघून गेला. त्याच्यामागून क्लासला निघालेल्या दोन मुली गेल्या. मग मागच्या सीटवर लेकराला बसवलेली एक आई. मागून आलेला ट्रक चक्क सरकून बाहेरच्या अंगानं गेला.

महिनोन् महिने डॉक्टर ज्याच्यासाठी भांडत होते, ते समोर अनवाणी उभं राहून बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

अभियंता झाडामागून बाहेर आला. हेल्मेट काढून तो रांगेच्या कडेनं चालत आला, सुरक्षित अंतर ठेवून.

"आम्ही रंगवलेल्या पट्ट्यावर हे ट्रकवाले बिनदिक्कत चढतात. जोड्यांवर का नाही चढत?"

"कुणाचे तरी आहेत ना ते," काका म्हणाले. "पट्टा कुणाचा असतो?"

अभियंत्यानं एक डोळा मिटून रांग सरळ आहे का ते पाहिलं. "बरोबर याच रेषेनं मारू पट्टा. आणि कडेला खांब पण लावतो. उद्या माणसं पाठवतो," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून खडू काढला, पण तो खडबडीत डांबरावर उठेना. "तोपर्यंत खूण म्हणून हे जोडे मात्र हलवू नका."

"अहो, पण मी घरी कसा जाऊ?" काकांनी विचारलं. आंदोलनातला हा पहिलाच प्रश्न होता ज्यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या दिवशी अख्खी वस्ती तापलेल्या रस्त्यावरून उड्या मारत घरी गेली.

संध्याकाळी टेम्पो आला आणि चहा पिऊन रिकामा परत गेला. सोमवारी खरंच माणसं आली, मंगळवारी रंग वाळला, बुधवारी खांब लागले आणि गुरुवारी डॉक्टर नव्या दातासह, सलग हिरव्या पट्ट्यावरून, घंटी वाजवण्याचं काही कारण नसताना घंटी वाजवत दवाखान्यात गेले. शुक्रवारीही गेले.

शनिवारी सकाळी ते खाली उतरले, तर सायकल बाईंच्या हातात होती. सीट चांगली चार बोटं खाली उतरवलेली.

"सकाळची शाळा आहे," बाई म्हणाल्या. "बस वेळेवर येत नाही."

"पण ही माझी..."

"रस्ता जोडला तर सायकल राहील, एवढंच मी म्हटलं होतं. रस्ता झाल्यावर कोण चालवणार, याचं कुठे बोलणं झालं? दवाखाना दहाला उघडतो. चालत जा, पोट कमी होईल."

आणि त्या गेल्यासुद्धा. डॉक्टर जिना चढून वर आले ते थेट गॅलरीत. बाईंची पाठ डीपीपाशी दिसली. पुढे एक ट्रक आला, तशी डॉक्टरांनी कठड्याची सळई घट्ट धरली. ट्रक बाहेरून गेला. पट्टा सलग होता, खांब होते, त्यांनी स्वतः दोनदा जाऊन बघितलं होतं. तरी त्यांच्या हातून सळई काही सुटेना. वाचनालयाच्या वळणावर बाई दिसेनाशा झाल्या, तरी ते तिथेच उभे राहिले. चहा गार झाला. शेवटी फोन वाजला.

"पोहोचले मी. आता गॅलरीतून आत जा आणि चहा घ्या."

"तुला कसं कळलं मी गॅलरीत आहे?"

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी गेलात की मी कुठे असते, असं वाटलं तुम्हाला?"