आप्पारावांचं न्यूटल

आप्पाराव जीप चालवायला बसले की डिझेलचा काटा लाजून जागीच थांबतो, असं गावच्या सोसायटीत सगळे म्हणायचे. म्हणजे आप्पाराव म्हणायचे, बाकीचे ऐकायचे. चेअरमनच होते ते!

"उतार लागला की न्यूटल टाकायचं," ते सांगायचे. "इंजिनाला बी जरा आराम पाहिजे का न्हाई?"

त्या साली पाऊस तोंड दाखवायलाही आला नव्हता. गावची जनावरं कडब्याच्या काडीला महाग झालेली. सोसायटीला चारा छावणी मिळणार की नाही, ते पाहणीला आलेल्या साहेबांच्या एका शेऱ्यावर होतं. म्हणून ड्रायव्हरला घरी बसवून आप्पाराव स्वतःच साहेबांना घेऊन निघाले. मागच्या सीटवर सेक्रेटरी बंकट.

साहेबांना काही पटेना. रस्त्याकडेची, दुष्काळातही हिरवी राहणारी वेडी बाभूळ बघून म्हणाले, "हिरवं दिसतंय की. तळ्यातही पाणी असेल अजून."

"कशाचं पाणी, साहेब? चला, दाखवतो," म्हणत आप्पारावांनी तळ्याच्या उतारावर न्यूटल टाकलं.

उतारावर बैलं गाडीचा भार अंगावर घेतात, तसं गिअरमधलं इंजिन जीपला आवरून धरतं. इथं आप्पारावांनी बैलंच सोडून दिली होती. वळण आलं तोवर जीप भलतीच उधळलेली. ब्रेक दाबला, तर ती नाक खाली घालून तशीच पुढं. गिअर टाकायला गेले, तर नुसतं करकरलं. चाकं वळणाकडं, जीप तळ्याकडं.

"आवो आप्पा, वळवा की!" बंकट ओरडला.

"कवाच वळवलंय बे. हीच यायना!"

काट्याकुट्यातून उड्या मारत जीप तळ्यात उतरली आणि पार मधोमध जाऊन थांबली. धुरळा खाली बसला. गेली छावणी, आप्पारावांना वाटलं.

साहेब उतरले. पायाखाली नुसत्या भेगा. तोंडातली माती थुंकून म्हणाले, "तळं भरलेलं असतं तर?"

"दुष्काळानंच वाचवलं म्हणायचं, साहेब," आप्पाराव म्हणाले.

साहेबांनी बॉनेटवरच शेरा लिहिला : 'प्रत्यक्ष तळ्यात उतरून पाहणी केली. छावणी तातडीने द्यावी.' मग जीपकडं न बघता पायीच निघाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गावांचे चेअरमन आप्पारावांच्या ओट्यावर हजर.

"आप्पा, आमच्याकडं साहेब परवा येणार हायेत," त्यातला एकजण हळूच म्हणाला. "तेवढं न्यूटल नेमकं कुठून टाकायचं, ते दावा की."